लँडिंग बिघडल्यावर संस्था काय करते? एका प्रशिक्षणार्थीचा अभिप्राय

वैमानिक प्रशिक्षण संस्था निवडताना विमाने किती आणि शुल्क किती, एवढीच चौकशी मी केली होती. विद्यार्थ्याचे लँडिंग बिघडले की तेथे पुढे काय होते, हे विचारायचे सुचलेच नाही.

एकट्याने उड्डाण करण्याच्या काही दिवस आधी सेस्ना १७२ या छोट्या विमानातून सर्किटचा, म्हणजे धावपट्टीभोवती फेरी मारून पुन्हा उतरण्याचा, सराव करताना धावपट्टीवर येईपर्यंत माझा वेग ६५ ऐवजी ७५ नॉट (ताशी सागरी मैल) होता. फ्लेअर केल्यावर, म्हणजे टेकण्याआधी नाक किंचित वर उचलल्यावर, विमान खाली बसेना, तरंगतच राहिले. मी घाईने योक (हातातले नियंत्रण-चाक) पुढे ढकलले, नाकाचे चाक आधी आपटले आणि विमान उसळले. ते पुन्हा खाली दाबणार, एवढ्यात ‘आय हॅव कंट्रोल’ म्हणत प्रशिक्षकांनी इंजिनाला पूर्ण थ्रॉटल देऊन गो-अराउंड केला, म्हणजे न उतरता विमान पुन्हा वर नेले. अशा उसळ्या एकामागून एक वाढत गेल्या की नाकाचे चाक मोडते आणि प्रोपेलर जमिनीला घासतो.

उतरल्यावर त्यांनी मला रागावण्याऐवजी विमान थेट हँगरमध्ये नेले. अभियंत्यांनी इंजिनामागच्या फायरवॉलच्या पत्र्यावर बॅटरीचा झोत तिरका धरून सुरकुती पडली आहे का ते पाहिले, कारण नाकावर आपटलेल्या या विमानाची इजा बहुधा तेथेच दिसते. त्यानंतर फळ्यावर हिशेब झाला: वेग १५ टक्क्यांनी वाढला, तर जिरवायची ऊर्जा तब्बल एक तृतीयांशाने वाढते. पुढचा संपूर्ण तास चाके न टेकवता, नजर धावपट्टीच्या दूरच्या टोकावर ठेवून, जमिनीलगत उडत राहण्यात गेला. माझी लँडिंग त्या तासाने सुधारली, असे मी खात्रीने सांगतो.

तक्रार एकच आहे, पण ती गंभीर आहे. आडव्या वाऱ्यातील लँडिंगसाठी येथे जेमतेम दोन तास मिळाले आणि वारा वाढला की सराव रद्द होत असे. नवशिक्यासाठी ते योग्यच आहे. मात्र या विमानाच्या पुस्तिकेत १५ नॉट आडव्या वाऱ्यात उतरून दाखवल्याची नोंद असताना, परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्याने ८–१० नॉटमध्येही प्रशिक्षकासोबत उतरून पाहिलेले नसावे, हे मला पटत नाही. पंख वाऱ्याकडे झुकवून रडरने (शेपटीवरच्या उभ्या सुकाणूने) नाक सरळ ठेवणे शांत हवेत शिकता येत नाही. येथे प्रवेश घ्यावा असे मी जरूर म्हणेन, परंतु हे तास वेगळे आणि लेखी मागून घ्यावेत.