सेल्फचा स्विच: जुनाच दुरुस्त करावा, नवा बसवावा की सोलेनॉइड?

सहा व्होल्टच्या जुन्या गाडीचा सेल्फ मंद झाला की संशय आधी बॅटरीवर जातो, मग मोटरवर. स्विचकडे शेवटी लक्ष जातं. खरं तर सेल्फ मारताना त्यातून दोनशे अँपिअरच्या आसपास करंट जातो. एवढ्या करंटला एक मिलीओहम रोध म्हणजे ०.२ व्होल्ट तिथेच गेले. बारा व्होल्टमध्ये हे खपून जातं, सहामध्ये जाणवतं. आधी सेल्फ मारताना स्विचच्या दोन टर्मिनलांवर मल्टिमीटर धरा. ०.२ पर्यंत चालेल. अर्धा व्होल्ट दिसला तर स्विचला हात लावायलाच हवा.

फोर्ड मॉडेल टीमध्ये १९१९ पासून सेल्फ आला, तो पायाने दाबायच्या स्विचसकट. त्याच मापाचे नवे स्विच आज मिळतात, भोकं जुळतात, काम झटपट होतं. अडचण केबल जोडताना येते. मी बसवलेल्या नव्या स्विचांमध्ये नट आवळला की आतला बोल्टही त्याच्याबरोबर फिरतो. थोडासा फिरला तरी आतलं तोंड तिरकं होतं, दोन बोल्टांना जोडणारी तांब्याची चकती एकाच कडेवर टेकते, तिथे ठिणगी पडून खड्डे पडतात. बोल्टला बॉडीपासून वेगळा ठेवणारा फायबरचा वॉशर चिरला तर त्याहून वाईट, कारण बॅटरीकडचा बोल्ट कायम जिवंत असतो आणि मध्ये फ्यूज नसतो. बॉडीला टेकला की बॅटरी थेट अर्थ. डबी रिबिट मारून बंद केलेली, त्यामुळे आत काय झालंय ते कळतही नाही. घ्यायचाच असेल तर खालचा नट पातळ पान्याने धरून मगच वरचा आवळा, आणि केबलचं वजन बोल्टवर येऊ देऊ नका.

सोलेनॉइड म्हणजे बटण दाबलं की कॉइलच्या चुंबकाने जाड कॉन्टॅक्ट जोडणारा स्विच. त्याचा फायदा उघड आहे: बटणातून किरकोळ करंट जातो, जाड केबल आखूड राहते. बारा व्होल्ट केलेल्या गाडीला तो कदाचित बराही. सहा व्होल्टला मात्र कॉइल सहाचीच हवी. बॅटरी अर्धवट उतरलेली असेल तर सेल्फ मारताच व्होल्टेज बसतं, कॉइल सुटते, पुन्हा ओढते. ही कटकट चालू राहिली की कॉन्टॅक्ट चिकटतात आणि बटण सोडलं तरी सेल्फ फिरतच राहतो. बॅटरीला कट-ऑफ (बॅटरी तोडायचा वेगळा स्विच) नसेल तर सोलेनॉइड लावू नये. पायाचा दाब व्होल्टेजवर अवलंबून नसतो.

जुना स्विच सापडला तर माझा कल त्याच्याकडे. बॅटरीची अर्थ केबल काढा, मग डबीचे वळवलेले कान हळूच उघडा. चकतीची एक बाजू जळलेली असेल तर बहुतेक वेळा ती उलटून लावता येते. दोन्ही कॉन्टॅक्ट बारीक कानशीने साफ करा, पण एकाच उंचीवर ठेवा. वर सपाट पट्टी ठेवून डुगडुगते का ते पाहा. स्प्रिंग मऊ पडली असेल तर बदला, कारण पाय उचलल्यावर चकती झटकन सुटली नाही तर ठिणगी लांबते. फायबरचे वॉशर नवे घाला. केबल जोडण्याआधी प्रत्येक बोल्ट आणि बॉडी यांच्यामध्ये मीटर लावा, स्विच दाबून आणि सोडून. दोन्ही वेळा काहीच जोड दिसता कामा नये.