वूकॉमर्स: ऑर्डरच्या पानावरून बनलेलं मत

ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरबद्दल कुठेही वाचा, निम्म्याहून जास्त चर्चा थीमची असते. पान किती देखणं, बॅनर कसा सरकतो, मोबाइलवर बटण कुठे येतं. गिऱ्हाईक ते पान काही मिनिटं बघतं आणि जातं. मी मात्र दिवसाचे तीन-चार तास ऑर्डरच्या यादीसमोर असते. पैसे आले का, नग शिल्लक आहे का, पत्ता पुरा आहे का, कुणाला काय बदलून हवंय, हे सगळं तिथेच कळतं. दुकान खरं चालतं ते त्या यादीत. वूकॉमर्स म्हणजे वर्डप्रेसच्या साइटवर दुकान उभं करणारं प्लगइन, म्हणजे वरून जोडायचं सॉफ्टवेअर. चार वर्षं ते रोज वापरल्यावर त्याबद्दल लिहिताना मी म्हणूनच सुरुवात ऑर्डरच्या यादीपासून करते आहे.

मी हाताने शिवलेल्या वह्या विकते. आकार, कागद, कव्हरचं कापड आणि दोऱ्याचा रंग अशा चार गोष्टी गिऱ्हाईक निवडतं. कापडाचा तुकडा संपला की तशी वही पुन्हा होत नाही, त्यामुळे कितीतरी वह्यांचा साठा एकच नग असतो. हजार नग असलेल्या दुकानात एखादी चूक जिरून जाते. माझ्याकडे एक आकडा चुकला की कुणालातरी 'तुमची वही नाही' असं सांगावं लागतं.

वूकॉमर्सच्या ऑर्डरच्या पानावर उजवीकडे नोंदींची एक पट्टी असते. मला सगळ्यात प्रिय तीच. ऑर्डर आली, पैसे जमा झाले, अमुक वहीचा साठा ३ वरून २ झाला, अशी घडामोड तारीख-वेळेसकट तिथे उतरत जाते. मी स्वतःही तिथे लिहू शकते: काही नोंदी फक्त माझ्यासाठी, काही गिऱ्हाइकाला मेलने जाणाऱ्या. आधी मी दरमहा भाडं भरून एका तयार सेवेवर दुकान चालवायचे. ते दिसायला उत्तम होतं, पण एखादा नग बदलून दिला की साठा नेमका कधी आणि कशामुळे हलला, ते शोधायला तीन पानं धुंडाळावी लागत. इथे सगळं एकाखाली एक.

ही पट्टी माझ्या किती उपयोगी पडली, ते एका प्रसंगावरून सांगते.

वूकॉमर्समध्ये 'होल्ड स्टॉक' नावाची एक सेटिंग आहे. गिऱ्हाइकाने ऑर्डर नोंदवली पण पैसे अजून आले नाहीत, तर तेवढ्या मिनिटांपुरता तो नग त्याच्यासाठी राखून ठेवला जातो. मुळात तिथे ६० हा आकडा असतो आणि मी तो बदलला नव्हता. एका बाईंनी गडद हिरव्या कापडाची शेवटची वही मागवली, फोनवरच्या बँकेच्या अॅपमधून पैसे भरले आणि आमचं पान पुन्हा न उघडता फोन ठेवून दिला. इथवर बिघडलेलं काही नाही. असं झालं की पैसे घेणारी सेवा आपणहून माझ्या साइटला 'पैसे आले' असा संदेश पाठवते, त्याला वेबहूक म्हणतात. मी मात्र आदल्याच आठवड्यात सुरक्षेसाठी एक प्लगइन घातलं होतं. त्याने तो संदेश परका समजून ४०३, म्हणजे 'आत यायला मनाई' असं उत्तर देऊन परत पाठवला. साइटला पैशांचा पत्ताच नाही. ऑर्डर 'पेंडिंग पेमेंट'वर थांबली, तास भरला, आपोआप रद्द झाली, वही मोकळी झाली आणि संध्याकाळी दुसऱ्याने ती घेतलीसुद्धा.

दुसऱ्या दिवशी बाईंचा मेल आला: पैसे गेले आणि वर ऑर्डर रद्द झाल्याचं कळवताय. मी ऑर्डर उघडली. पट्टीत स्वच्छ लिहिलं होतं की पैसे न आल्यामुळे मुदत संपून ऑर्डर रद्द झाली. पैसे घेणाऱ्या सेवेच्या डॅशबोर्डवर तीच ऑर्डर 'यशस्वी' आणि खाली फसलेल्या वेबहूकची रांग, प्रत्येकापुढे ४०३. दोन्ही पानांवरच्या वेळा शेजारी ठेवल्या आणि दहा मिनिटांत कारण हाती लागलं. प्लगइनमध्ये त्या एका पत्त्याला वाट मोकळी करून दिली. पण हिरवं कापड संपलं होतं. बाईंचे पैसे परत केले, माफी मागितली. ती वही त्यांना भेट द्यायची होती, हे त्यांनी नंतर लिहिलं आणि मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून कुठलंही नवं प्लगइन घातलं की मी आधी एक खरी ऑर्डर करते, पैसे भरते आणि मुद्दाम टॅब बंद करते. ऑर्डर आपणहून 'प्रोसेसिंग'मध्ये, म्हणजे पैसे मिळाल्याच्या स्थितीत गेली तरच ते प्लगइन राहतं.

पैसे परत करण्याच्या पानाबद्दल मात्र तक्रार आहे. ऑर्डरमधला नेमका एकच नग निवडून त्याचे पैसे परत करता येतात, शेजारच्या चौकटीत खूण ठेवली तर तो नग साठ्यात परत येतो, हे सगळं छान. पण तिथे दोन बटणं शेजारीशेजारी आहेत. एक पैसे खरोखर परत पाठवतं. दुसरं, 'मॅन्युअली'वालं, फक्त नोंद करतं आणि पैसे जागचे हलत नाहीत. घाईच्या वेळी चुकीचं दाबलं की ऑर्डरवर 'रिफंडेड' दिसतं आणि गिऱ्हाईक वाट बघत बसतं. पहिल्यांदा वापरणाऱ्याने ही दोन बटणं नीट पाहून घ्यावीत.

थोडं मुळाबद्दल, कारण वेगाचा प्रश्न तिथूनच येतो. वूकॉमर्स २०११ साली वूथीम्स या कंपनीने जिगोशॉप या मुक्तस्रोत प्लगइनवरून बनवलं. २०१५ मध्ये ते ऑटोमॅटिक (Automattic) या कंपनीकडे गेलं. वर्डप्रेस मुळात लेख लिहायचं साधन, त्यामुळे ऑर्डरसुद्धा डेटाबेसमधल्या लेखांच्याच टेबलात साठवल्या जात, आणि पत्ता, फोन, रक्कम अशी एकेक बाब वेगळ्या ओळीत. एका ऑर्डरच्या डझनावारी ओळी. दुकान जुनं झालं की नाव टाकून ऑर्डर शोधायला ताटकळावं लागे. आता ऑर्डरसाठी स्वतंत्र टेबलं आली आहेत. ऑक्टोबर २०२३ च्या ८.२ आवृत्तीपासून नव्या दुकानांना ती सुरुवातीपासूनच मिळतात. जुन्या दुकानदाराने सेटिंगमध्ये जाऊन बदल स्वतः करायचा. मी दोन आठवडे दोन्हीकडे नोंद चालू ठेवली, आकडे जुळवले आणि मगच जुनी पद्धत बंद केली. पॅकिंग स्लिप छापणारं एक प्लगइन जुळत नव्हतं, ते बदललं. शोध आता झटकन होतो. जुनं दुकान असेल तर हे काम लांबवू नका.

जुन्या सेवेवरून वूकॉमर्सवर येण्याबद्दल लोक फार विचारतात. वस्तूंची यादी सीएसव्ही, म्हणजे तक्त्याच्या साध्या फाइलमधून आली, तेवढा भाग सोपा होता. गिऱ्हाइकांचे पासवर्ड मात्र आले नाहीत, त्यामुळे सगळ्यांना नवा पासवर्ड ठेवायला कळवावं लागलं. पानांचे जुने वेब-पत्ते ३०१ ने, म्हणजे 'पान कायमचं हललं' अशा खुणेने, नव्या पानांकडे वळवायला माझे दोन पूर्ण दिवस गेले, आणि ते दोन दिवस कुणीही वाचवायला जाऊ नये. कुणीतरी वर्षापूर्वी जपून ठेवलेली लिंक उघडावी आणि समोर रिकामं पान यावं, हे मला सहन होत नाही.

वूकॉमर्स फुकट आहे असं म्हणतात, ते अर्धंच खरं. मूळ प्लगइन फुकट आणि मुक्तस्रोत आहे. होस्टिंग, बॅकअप, अपडेट आणि पडेल त्या अडचणीचा भार आपल्यावर. मी साइटची एक प्रत वेगळी ठेवली आहे. अपडेट आधी तिच्यावर, मग ऑर्डर करून बघायची, मग खऱ्या दुकानावर. कॅशिंग, म्हणजे वेगासाठी पानांच्या साठवलेल्या प्रती दाखवण्याची सोय, लावली असेल तर कार्ट, चेकआउट आणि 'माझं खातं' ही तीन पानं त्यातून वगळलीच पाहिजेत. या कामाला आठवड्यातला एक सकाळचा वेळ लागतो. तो देता येत नसेल तर हे सॉफ्टवेअर घेऊ नका, असं मी स्पष्ट सांगते.

अशांसाठी शॉपिफायसारखी तयार सेवा बरी. तिची जन्मकथा मला आवडते: टोबियास ल्युट्के यांनी २००४ मध्ये स्नोबोर्ड विकायला दुकान काढलं, मनासारखं सॉफ्टवेअर मिळालं नाही म्हणून स्वतः लिहिलं आणि २००६ मध्ये तेच इतरांसाठी खुलं केलं. दुकानदाराने दुकानदारासाठी केलेली गोष्ट आहे ती. सर्व्हर, सुरक्षा, अपडेट सगळं तेच बघतात. मॅजेंटो हे आणखी एक दुकानाचं सॉफ्टवेअर मोठ्या पसाऱ्याच्या दुकानांसाठी आहे, हाताशी डेव्हलपर हवाच. त्याच्या पहिल्या आवृत्तीला अपडेट मिळणं जून २०२० मध्ये थांबलं तेव्हा अनेक दुकानं दुसऱ्या आवृत्तीवर जवळपास नव्याने बांधावी लागली. तेवढी ताकद असेल तरच त्या वाटेने जावं.

गेल्या महिन्यात एका मैत्रिणीने विचारलं. ती विणकामाच्या नमुन्यांच्या पीडीएफ विकणार आहे. साठा संपायचा प्रश्न नाही, पार्सल नाही, अदलाबदल नाही, आणि अपडेट बघायला तिच्याकडे वेळ नाही. मी तिला तयार सेवाच घ्यायला सांगितली, फक्त आठवड्यातून एकदा ऑर्डर आणि गिऱ्हाइकांची यादी सीएसव्हीत उतरवून स्वतःकडे ठेव म्हटलं. मी इथेच राहणार आहे. काल निळ्या कापडाची शेवटची वही गेली. नोंदींच्या पट्टीत '१ वरून ०' दिसलं, खाली पैसे आल्याची वेळ, आणि मी निवांतपणे पुढच्या वहीचा दोरा ओवला.