ब्रिटिश म्युझियमची असिरियन दालनं: कोरीवकामाबरोबर करवतीच्या खुणाही पाहा

लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये ६ ते १० क्रमांकांची असिरियन दालनं आहेत; असिरिया म्हणजे आजच्या उत्तर इराकमधलं प्राचीन साम्राज्य. प्रवेश मोफत. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला उत्खननानं काय मिळवलं आणि काय घालवलं, हे इथे दगडावरच वाचता येतं.

सुरुवात ७ आणि ८ मधल्या निमरूद या असिरियन शहराच्या शिल्पपटांपासून करा. ब्रिटिश उत्खनक ऑस्टिन हेन्री लेयर्डनं १८४५ मध्ये तिथे खोदाई सुरू केली तेव्हा कीलाक्षरं, म्हणजे तिथली पाचरीच्या आकाराची प्राचीन लिपी, नीट वाचता येत नव्हती. निमरूदलाच तो निनवे, म्हणजे असिरियाची प्रसिद्ध राजधानी, समजत होता. भिंत लागली की तिच्या कडेनं चर किंवा बोगदा काढत पुढे जायचं आणि खोलीच्या मधला भराव तसाच सोडायचा, ही त्याची पद्धत. थोड्या पैशांत जास्त शिल्पं हाती लागली, पण थरांची नोंद राहिली नाही. जिप्समच्या या शिळा फार जड, म्हणून मागचा दगड कापून त्या पातळ केल्या आणि फुगवलेल्या कातड्यांच्या तराफ्यांवरून तैग्रिस नदीतून बसऱ्याकडे नेल्या.

१० मधले खोर्साबाद या दुसऱ्या असिरियन राजधानीचे पंखधारी बैलही वाहतुकीसाठी कापले होते, सांधे शोधा. एका बैलाच्या पायथ्याशी कुणीतरी ओरखडलेला २० घरांचा खेळाचा पट आहे, तो बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. असिरियनांनी जिंकलेल्या यहुदा राज्यातल्या लाखीश शहराच्या वेढ्याचे पट डावीकडून उजवीकडे बघत जा: आधी हल्ला, मग बंदिवान, शेवटी सिंहासनावरचा असिरियन राजा सेन्नाखेरिब. त्याचा चेहरा प्राचीन काळीच फोडलेला आहे, त्याचा दोष खोदणाऱ्यांवर टाकू नका.

सर्वात जास्त वेळ निनवेच्या राजवाड्यातल्या सिंहाच्या शिकारीच्या पटांना द्या. निनवेच्या अवशेषांच्या टेकडीचा तो भाग फ्रेंच उत्खनकांच्या वाट्याचा मानला जात होता, म्हणून मोसुलच्या होर्मुझ्द रस्सामनं डिसेंबर १८५३ मध्ये रात्री गुपचूप खणून हे पट शोधले. कोरीवकाम उथळ आहे. तिरकं उभं राहिलं तर सिंहांचे स्नायू उठून दिसतात. जागा अरुंद आहे, गर्दीत मागे सरकून बघणं जमत नाही.

तिथून वरच्या मजल्यावर ५५ मध्ये निनवेच्या मातीच्या पाट्या बघाच. निनवेच्या दोन राजवाड्यांतून निघालेल्या पाट्या पुढे एकमेकींत मिसळल्या. त्यामुळे अनेकींचा मूळ राजवाडा आता ठरवता येत नाही, आणि हे नुकसान कोणत्याही तुटक्या शिल्पापेक्षा मोठं आहे.

शुक्रवारी संग्रहालय रात्री ८:३० पर्यंत उघडं असतं. एखादं दालन अचानक बंद असू शकतं, म्हणून त्याच दिवशी संकेतस्थळ तपासून निघा.