काळ्या दगडाचे फोटो छापायचेत: कंपनीची शाई की कार्बनची?

साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीत उतरून ज्यांनी फोटो काढलेत, त्यांना ही अडचण समजावून सांगायला नको. स्क्रीनवर कमानीखालचे चिरे एकेक मोजता येतात आणि मॅट (चकाकी नसलेल्या) कागदावर छापलं की तिथे नुसता काळा गोळा. आपल्याकडचा दगडच काळा. मेणवलीचा घाट घ्या, संगम माहुलीची देवळं घ्या, फोटोतला निम्मा ऐवज शॅडोमध्येच असतो.

मार्ग दोन आहेत. कंपनीचा प्रिंटर कंपनीच्याच शाईवर ठेवून सेटिंग नीट करायचं, किंवा एखादा जुना एप्सन फक्त कृष्णधवलसाठी बाजूला काढून त्यात राखाडी छटांच्या कार्बन शाया भरायच्या.

आधी एक गैरसमज काढून टाकू. मॅट कागदावरचा सर्वांत गडद काळा एल-स्टारच्या मापात (० म्हणजे पूर्ण काळा, १०० म्हणजे पांढरा) साधारण १६ ला अडतो. चांगला ग्लॉसी किंवा बराइटा (बेरियम सल्फेटचा लेप असलेला, डार्करूमच्या कागदासारखा) कागद ४-५ पर्यंत खाली जातो. शाई बदलून मॅटचा हा तळ फारसा खाली जात नाही. बदलतो तो तळाच्या लगेच वरचा भाग. साध्या छपाईत गडद भाग म्हणजे काळ्या शाईचे दाट ठिपके. कागदात ते पसरतात, एकमेकांत मिसळतात आणि ९५ टक्के व १०० टक्के यांत फरकच उरत नाही. जॉन कोन यांच्या पिझोग्राफी या कृष्णधवल छपाईच्या शायांच्या सात छटांच्या संचात गडद भागाचं हे काम काळ्या शाईच्या जोडीला तिच्याहून जराशा फिक्या शाया करतात. ठिपक्यांमध्ये पांढरा कागद डोकावत नाही, आणि पक्की काळी शाई अगदी शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवता येते. चिऱ्यांमधली फट दिसते ती यामुळे.

हे सगळं साधतं ते क्वाडटोनरिपसारख्या सॉफ्टवेअरने, कारण नेहमीचा ड्रायव्हर त्या शायांना रंगच समजतो. कोणती शाई किती टक्क्यांवर सुरू व्हावी, किती सोडावी, हे कर्व्ह तुम्ही ठरवता. मग पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत २१ पायऱ्यांची पट्टी छापायची, वाळू द्यायची, मोजायची, कर्व्ह सुधारायचा. कागद बदलला की पुन्हा पहिल्यापासून. ज्याला यात गंमत वाटते त्यानेच या वाटेला जावं.

कंपनीच्या शाईची बाजू लोक समजतात तेवढी लंगडी नाही. २०२० साली आलेल्या एप्सन पी९०० मध्ये काळीच्या जोडीला दोन राखाडी शाया आहेत, आणि मॅट ब्लॅक (मॅट कागदाची काळी) व फोटो ब्लॅक (ग्लॉसीची काळी) यांना वेगवेगळे नोझल, म्हणजे शाई सोडणारी छिद्रं, आहेत. एप्सनच्याच जुन्या ३८८० वर कागदाचा प्रकार बदलताना जी शाई वाया जायची ती इथे वाचते. ग्लॉसी कागदावरचा काळा आणखी गडद करणारा कार्बन ब्लॅक मोडही आहे. खरी गोम ड्रायव्हरमध्ये असते. अ‍ॅडव्हान्स्ड बी अँड डब्ल्यू या कृष्णधवल मोडच्या टोन यादीत बऱ्याच मॉडेलांवर ‘डार्कर’ आधीच निवडलेलं असतं. ते ‘डार्क’ किंवा ‘नॉर्मल’ करा आणि तीच २१ पायऱ्यांची पट्टी छापा. शेवटच्या चार पायऱ्या वेगळ्या ओळखता आल्या तर नव्या शाईचा विचार तूर्त सोडून द्या. पट्टी दुसऱ्या दिवशी बघा, आणि खिडकीपाशी नको, जिथे फ्रेम लागणार त्या भिंतीवरच्या दिव्याखाली. दिवाणखान्यातल्या मंद एलईडीखाली चांगल्या चांगल्या शॅडो मरतात.

कार्बनचा जाच वेगळाच आहे. त्या प्रिंटरवर रंगीत छपाई संपली. वॉरंटीवर पाणी. रंगद्रव्य तळाशी बसतं, म्हणून काट्रिज अधूनमधून हलवावं लागतं. मार्च ते मे कोरड्या उन्हाळ्यात नोझल सुकतात. पावसाळ्यात साताऱ्याकडे कागदच ओलावा धरून वाकतो. सर्वांत फिक्या राखाडीचा एखादा नोझल बंद पडला तर नोझल चेकवर (सगळे नोझल चालतात का ते दाखवणाऱ्या छापील चाचणीवर) तो चटकन दिसतही नाही, भिंग घेऊन बघावं लागतं. शुद्ध कार्बनचा टोन उबदार, तपकिरीकडे झुकणारा असतो. दगडाला तो शोभतो, कासच्या धुक्याला मला तरी नाही आवडत. शाया परदेशातून मागवायच्या, वर कस्टम ड्यूटी. काही हौशी मंडळी एकाच काळ्या कार्बन शाईत डिस्टिल्ड वॉटर आणि ग्लिसरीनचं मिश्रण घालून घरीच छटा बनवतात. स्वस्त पडतं, पण रोजच्या गिऱ्हाइकाच्या कामाला मी ते लावणार नाही.

इंक टँकवाल्या सहा रंगी प्रिंटरवर कृष्णधवल काढत असाल तर हा वादच तुमच्यासाठी नाही. त्यातली डाय शाई (रंगद्रव्याचे कण नसलेली, विरघळलेल्या रंगाची) हिरवट किंवा गुलाबी झाक देते आणि उन्हात लवकर उडते.

लग्नाचे अल्बमही त्याच यंत्रावर काढायचे असतील, किंवा महिन्यातून एखादाच प्रिंट लागत असेल, तर पी९०० आणि बराइटा कागद घ्या. दर आठवड्याला मॅट कॉटन कागदावर देवळं, वाडे, विहिरी छापणार असाल आणि मोजमापाचा कंटाळा नसेल, तर कार्बन. मात्र जुना एप्सन घेताना तो क्वाडटोनरिपच्या यादीत आहे ना ते पाहा, आणि विकणाऱ्यासमोरच नोझल चेक काढायला लावा. एक जरी रेघ तुटकी दिसली तर पैसे खिशातच राहू द्या.