पत्र्याखालच्या रायझनचं व्होल्टेज उतरवलं, त्याला आठ महिने झाले

भुसावळला आमची एडिटिंगची खोली वरच्या मजल्यावर आहे, डोक्यावर पत्रा. लग्नसराई नेमकी एप्रिल-मेमध्ये, म्हणजे पारा ४४-४५ च्या घरात असतो तेव्हाच आमचं मशीन दिवसरात्र राबतं. मशीन साधंच: एएमडीचा रायझन ५ ५६०० प्रोसेसर, म्हणजे कॉम्प्युटरची मुख्य चिप, सोबत मिळालेला छोटा पंखा, बी५५० मदरबोर्ड. एप्रिलच्या दुपारी लग्नाची फिल्म रेंडरला, म्हणजे अंतिम व्हिडिओ बनवायला लावली की पाच मिनिटांत ९० अंश. ही या चिपची वरची मर्यादा, तिथे पोचली की ती स्वतःच वेग उतरवते. दोष खोलीचाच, पण पत्रा काही माझा नाही, घरमालकाचा. वाळ्याच्या कूलरची ओली हवा कॅबिनेटवर सोडायचं धाडसही झालं नाही.

म्हणून बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या मूळ सेटिंग्जमध्ये शिरून चिपचं व्होल्टेज उतरवायचं ठरवलं. हे खाली मोटर रिवाइंडिंग करणाऱ्या शेजाऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अरे भो, कमी व्होल्टेजनं मोटर जळते, आन् तू मुद्दाम कमी करून राह्यला?"

त्याचं त्याच्या जागी बरोबर आहे. विहिरीवरची मोटर लोड तोच असताना व्होल्टेज पडलं की जास्त अँपिअर ओढते आणि वाइंडिंग जळतं. चिपचं तसं नाही. मुळात लाइन १८० वर आली तरी ते चिपपर्यंत पोचत नाही. एसएमपीएस (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) त्याचे १२ व्होल्ट करतो आणि बोर्डावरचं सर्किट त्यातून सव्वा-एक व्होल्ट बनवतं. मी बोलतोय ते या शेवटच्या सव्वा व्होल्टबद्दल. आतले ट्रान्झिस्टर क्लॉकच्या ठोक्यांवर भरतात नि रिकामे होतात, आणि त्याला लागणारी ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. वेग १० टक्के कमी केला तर या उघडझापेचा खर्च १० टक्केच वाचतो. व्होल्टेज १० टक्के उतरवलं तर ०.९ गुणिले ०.९, म्हणजे खर्च ८१ टक्क्यांवर, आणि वेग जिथल्या तिथे. फक्त व्होल्टेज कमी झालं की ट्रान्झिस्टर सुस्तावतात. पुढचा ठोका पडायच्या आत काम उरकलं नाही तर उत्तर चुकतं. कमी व्होल्टेजनं चिप जळत नाही, चुकते. म्हणूनच प्रोसेसर वेग वाढवताना आधी व्होल्टेज चढवतो आणि उतरताना आधी वेग उतरवतो.

मी दोन गोष्टी केल्या. कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे प्रत्येक वेगाला मिळणारं व्होल्टेज पायऱ्यापायऱ्यांनी कमी-जास्त करणारी सोय, सगळ्या कोअरना (चिपमधल्या स्वतंत्र गणनकेंद्रांना) उणे २० केला (एक पायरी साधारण ३ ते ५ मिलिव्होल्टची), आणि पॉवरची मर्यादा ७६ वॅटवरून ६० वर आणली. हा मेनू ओव्हरक्लॉकिंगच्या खाली येतो, उघडताना वॉरंटीचा इशारा येतो, तो वाचून मगच पुढे जा. नंतर त्याच खोलीत, तशाच दुपारी ७९-८० अंश. वीस मिनिटांच्या फिल्मला आधी ३४ मिनिटं लागत, आता ३३. पंख्याची घरघर गेली, हे सुख वेगळंच.

मग हाव सुटली. उणे ३० केलं. स्क्रीनवर वेग आधीइतकाच दिसत होता, मशीन बंदही पडत नव्हतं, पण तीच फिल्म ३७ मिनिटांवर गेली. व्होल्टेज अपुरं पडतंय असं दिसलं की ही चिप ठोके लांबवते. दाखवलेला वेग आणि खरा वेग तिथे वेगळे होतात. एचडब्ल्यूइन्फो या चिपचे आकडे दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये 'इफेक्टिव्ह क्लॉक' (खरा वेग) पाहिला तेव्हा चोरी पकडली. परत उणे २०.

सहायकाच्या लॅपटॉपवर हे जमलंच नाही. २०१९ च्या डिसेंबरात प्लंडरव्होल्ट नावाचा हल्ला उघड झाला, व्होल्टेज मुद्दाम पाडून इंटेल चिपच्या सुरक्षित कप्प्यातलं गुपित काढायचा. तेव्हापासून पुष्कळ इंटेल लॅपटॉपांत हे कुलूपबंद आहे. तिथे विंडोजच्या पॉवर प्लॅनमध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' ९९ टक्के केलं. बूस्ट (मूळ वेगाच्या वर जाणं) बंद होतो, मांडी भाजत नाही, एक्सपोर्ट मात्र रेंगाळतो.

अख्खा सीझन, नंतरचा पावसाळा, दिवाळी, एकदाही मशीन बंद पडलं नाही. मी गावभर सांगत सुटलो होतो. आणि डिसेंबरच्या थंडीत, सकाळी नुसतं फोल्डर उघडताना स्क्रीन काळी! दोन दिवसांनी पुन्हा तेच. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअर या नोंदवहीत डब्ल्यूएचईए-लॉगर, आयडी १८, म्हणजे हार्डवेअरमधल्या चुकीची नोंद, आणि दोन्ही वेळा दोषी कोअर एकच.

रात्रभर जड टेस्ट चालवून मी निर्धास्त होतो, तिथेच फसलो. रेंडरमध्ये सगळे कोअर मिळून वॅटच्या मर्यादेला टेकतात, कोणीच शिखरावर जात नाही. हलक्या कामात मात्र एखादाच कोअर क्षणभर ४.४ ला उसळी मारतो, आणि चिप थंड असली की ती उसळी जास्त वेळा आणि जास्त वेळ टिकते. उन्हाळ्यात उन्हानंच माझं पितळ झाकून ठेवलं होतं.

तो एक कोअर आता उणे १० वर आहे, बाकीचे उणे २० वरच. आज बारा दिवस झाले, गडबड नाही. तुम्ही करणार असाल तर आत्ता थंडीत, पहाटे मशीन गार असताना, कोअरसायकलर या एकेका कोअरवर पाळीपाळीनं ताण देणाऱ्या प्रोग्रॅमनं एकेक कोअर तपासा. आणि आकडे कागदावर लिहून ठेवा. बायोस अपडेट केलं की सगळं मूळपदावर जातं. माझी चिठ्ठी कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवलेली आहे.