आधी कोणती बघावी: ‘द एक्स्पान्स’, ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ की ‘फॉर ऑल मॅनकाइंड’?

अंतराळावरची मालिका लावली की आमच्या घरात दोन तट पडतात. एका बाजूला मेव्हणा, मेकॅनिकल इंजिनिअर. पडद्यावर यान फुटून धडाम् आवाज झाला की तो रिमोट हातात घेऊन चित्र थांबवणार आणि विचारणार, “दाजी, हवाच नाही तर आवाज आला कुठून?” दुसऱ्या बाजूला त्याची बहीण, म्हणजे माझी बायको. आवाजाशी तिला काही देणंघेणं नाही. त्या यानात कोण होतं आणि मागे त्याची वाट कोण बघतंय, एवढंच तिला कळायला हवं असतं. मधे बसून चहा गार होऊ देण्याचं काम माझ्याकडे.

हे भांडण आमच्याच घरचं नाही. अशा मालिका बघणारे जिथे जमतात तिथे ते होतंच, आणि गेल्या वीस वर्षांत त्यात हटकून निघणारी तीन नावं शीर्षकात आहेत. तिन्ही मी पाहिल्या आहेत, शेवटच्या मालिकेचे चार सीझन. ‘आता कोणती लावू?’ असं विचारणाऱ्यासाठी हे लिहितोय. शेवट फोडणार नाही. अधलंमधलं थोडं सांगावं लागेल.

आधी एक मजेशीर योगायोग. ‘एक्स्पान्स’चा कारभार सांभाळणारे नरेन शंकर आणि उरलेल्या दोन्ही मालिकांमागचे रोनाल्ड मूर हे दोघेही एके काळी ‘स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन’वर कामाला होते. तिथे लेखक प्रसंग लिहायचे आणि शास्त्रीय बोलणं आलं की त्या जागी नुसतं ‘टेक’ लिहून पुढे जायचे. त्या रिकाम्या जागा भरायला वेगळा माणूस असे. शंकर हे हैदराबादला जन्मलेले, कॉर्नेल विद्यापीठातून उपयोजित भौतिकशास्त्रात पीएच.डी. केलेले. त्यांनी तिथे विज्ञान सल्लागाराचं काम केलं, म्हणजे गाळलेल्या जागा भरल्या. मूर लेखकांपैकी. पुढे मूर यांनी जी ‘गॅलॅक्टिका’ केली तिच्यात त्या जागा कुणी भरतच नाही, कारण तसलं बोलणंच कुणी करत नाही. ‘एक्स्पान्स’मध्ये जागा रिकामी सोडायची सोय नव्हती, तिथे कथाच भौतिकशास्त्राच्या पायावर उभी आहे. एकाच कंटाळ्यातून निघालेल्या या दोन वाटा आहेत असं मला वाटतं.

‘द एक्स्पान्स’ २०१५च्या डिसेंबरात सायफाय वाहिनीवर सुरू झाली. तीन सीझननंतर वाहिनीने ती बंद केली. चाहत्यांनी ॲमेझॉनच्या स्टुडिओवरून फलक लावलेलं विमान फिरवलं. ॲमेझॉनने मालिका घेतली आणि २०२२च्या जानेवारीत ती संपली. एकूण सहा सीझन, ६२ भाग. काळ आजपासून काही शतकं पुढचा. पृथ्वी आणि मंगळ या दोन महासत्ता, आणि त्यांच्यासाठी बर्फ नि खनिजं काढणारे लघुग्रहांच्या पट्ट्यातले कष्टकरी, ज्यांना ‘बेल्टर’ म्हणतात.

इथली यानं विमानासारखी आडवी नाहीत, उभ्या इमारतीसारखी आहेत. तळघरात इंजिन, वर एकावर एक मजले. इंजिन चालू असेपर्यंत यान वर रेटलं जातं आणि माणसाला पायाखाली जमीन मिळते. ते बंद पडलं की सगळे तरंगायला लागतात. निम्मं अंतर वेग वाढवत जायचं, मधे यान उलटं फिरवायचं आणि उरलेलं अंतर वेग कमी करत काटायचं. मेव्हण्याने जेवणाच्या ताटावर बसूनच हिशेब केला: मंगळ साडेबावीस कोटी किलोमीटरवर धरला आणि पृथ्वीच्या गुरुत्वाइतकंच त्वरण सतत ठेवलं, तर साडेतीन दिवसांत पोचता येतं. आजच्या रॉकेटला सात-आठ महिने लागतात. अर्थात इतका वेळ जळत राहील असं इंजिन नाही. मालिकेतलं ते इंजिन कल्पनेतलंच आहे, तेवढी उधारी तिला द्यावी लागते.

पण माझ्या लेखी या मालिकेचं खरं बळ अचूकपणात नाही. पहिल्याच भागात एक चौकशी आहे. कमी गुरुत्वात वाढलेल्या एका बेल्टर तरुणाला पृथ्वीवर आणून नुसतं टांगून ठेवलंय. चाबूक नाही, विजेचा झटका नाही. त्याला छळतंय ते फक्त पृथ्वीचं वजन, जे आपण सगळे सकाळी उठल्यापासून बिनतक्रार वागवतो. आणि समोर उभी राहून प्रश्न विचारणारी आहे क्रिसजेन अवसरला, भारतीय वंशाची, नातवावर जीव टाकणारी, साडी नेसणारी आजी. शोरे अग्दाश्लू या इराणी-अमेरिकन अभिनेत्रीने ती अशी उभी केलीय की तिच्या तोंडच्या शिव्यासुद्धा भारदस्त वाटतात. ‘गुरुत्वाकर्षण’ हा शब्द आपण शाळेत दहा गुणांसाठी पाठ केलेला. इथे तो राजकारण होऊन समोर येतो. तो बेल्टर कधीच पृथ्वीवर येऊन राहू शकणार नाही, हे कुणी भाषण करून सांगत नाही.

तिसऱ्या सीझनमध्ये याहून मोठा प्रसंग आहे. एका अपघातात अनेक यानांवरचे लोक जखमी होतात, आणि वजनरहित अवस्थेत जखमेतलं रक्त वाहून जात नाही, आतच साठून राहतं. साधी जखमही जीवावर बेतते. उपाय एकच: ज्या यानाचा पिंपासारखा भाग फिरवून कृत्रिम वजन निर्माण करता येईल तिथे सगळ्यांना न्यायचं. ते यान बेल्टरांचं. कालपर्यंत ज्यांच्यावर तोफा रोखल्या त्यांच्याच दारात जायचं. इथे मेव्हणा आणि बायको दोघंही गप्प होते. आमच्याकडे हे फार क्वचित घडतं.

मग ही मालिका निर्दोष आहे का? छे. तिच्यातला सगळ्यात गाजलेला ‘शास्त्रीय’ प्रसंग घ्या. लघुग्रहांच्या पट्ट्यातल्या सीरिस या बटुग्रहावर पोलीस मिलर ग्लासात दारू ओततो आणि धार वाकडी पडते, कारण सीरिसला गरगर फिरवून वजन निर्माण केलंय. चाहते हे दृश्य कौतुकाने दाखवतात. आता सीरिसचा व्यास सुमारे ९४० किलोमीटर. पृथ्वीच्या तीन दशांश वजन हवं असेल तर त्याला साधारण ४० मिनिटांत एक फेरी मारावी लागेल. इतक्या संथ फिरण्याने दारूची धार मिलिमीटरच्या काही शतांशानेच हलेल, डोळ्याला दिसणारच नाही. त्यातून सीरिसचं स्वतःचं गुरुत्व पृथ्वीच्या तीन टक्क्यांहूनही कमी. त्याच्या मानाने हा वेगही फार झाला: असा फिरवला तर पृष्ठभागावरचे दगडधोंडे आधी उडून जातील आणि मग गोळाच टिकणार नाही. मेव्हण्याने हे सगळं मला फोनवर समजावलं, रात्री साडेअकराला.

तरी ते दृश्य मला आवडतं. आकडा चुकलाय, दिशा बरोबर आहे. दोन सेकंदांत कळतं की ही जागा आपली नाही आणि इथल्या माणसाला दारू ओततानाही हात वेगळा धरावा लागतो. चमत्कारांबाबतही मालिकेची शिस्त आहे. पुढे एक परग्रही पदार्थ येतो आणि भौतिकशास्त्र पार धाब्यावर बसवतो, पण त्याने मालिकेतले शास्त्रज्ञही आपल्याइतकेच हादरतात. म्हणून तो पचतो.

‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ म्हणजे मूळ १९७८च्या मालिकेचा नवा अवतार. २००३ची तीन तासांची लघुमालिका, मग २००४ ते २००९ असे चार सीझन. माणसानेच बनवलेले सायलॉन नावाचे यंत्रमानव बारा वसाहती बेचिराख करतात. उरतात पन्नास हजारांच्या आसपास माणसं, नागरी जहाजांचा एक तांडा आणि निवृत्तीला आलेली एक युद्धनौका.

विज्ञान म्हणाल तर प्रकाशापेक्षा वेगाने उडी मारायची सोय आहे, जहाजात वजन आहे, आणि दोन्ही कसं याचा खुलासा चार सीझनमध्ये होत नाही. सल्ल्याला नासाच्या जेट प्रोपल्शन लॅबोरेटरीतले केविन ग्रेझियर होते, त्यामुळे लढाऊ विमानं मात्र जडत्वाचे नियम पाळून चालतात: पुढे जात असतानाच नाक मागे वळवून पाठलाग करणाऱ्यावर गोळ्या झाडतात. स्फोटांचे आवाज दबके. पण मला सगळ्यात पटलेली वास्तवता आहे वायरच्या फोनची. शत्रू संगणकांच्या जाळ्यात शिरतो, म्हणून कमांडर अडामा आपल्या जहाजावर संगणक एकमेकांना जोडू देत नाही. सगळे जुन्या सरकारी कचेरीतल्यासारखा रिसीव्हर उचलून बोलतात आणि त्याच गावंढळपणामुळे वाचतात. यंत्र कसं चालतं ते न सांगता माणूस यंत्राशी कसा वागतो ते दाखवायचं, ही या मालिकेची तऱ्हा.

लघुमालिकेनंतरचा पहिला भाग, ‘३३’, ज्याला २००५ साली विज्ञानकथांसाठीचा ह्यूगो पुरस्कार मिळाला. सायलॉन दर ३३ मिनिटांनी येतात, ताफा दर ३३ मिनिटांनी उडी मारतो, आणि हे पाच दिवसांहून जास्त चाललंय. कुणीही झोपलेलं नाही. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले, माणसं एकमेकांवर खेकसतायत. राष्ट्राध्यक्ष रॉसलिनच्या मागे एका फळ्यावर उरलेल्या माणसांचा आकडा आहे, तो पुसून कमी करत जावा लागतो. ३३च मिनिटं का, याचं उत्तर मिळत नाही. मेव्हण्यानेही ते विचारलं नाही. या तिन्ही मालिकांतला एकच तास दाखवायची वेळ आली, तर मी हाच दाखवेन.

पुढे पाण्याची टंचाई, निवडणुका, संप, छळ, परकीयांचा ताबा आणि त्याविरुद्धचा उठाव. अमेरिकेचं सैन्य इराकमध्ये असतानाच्या काळात या मालिकेने आत्मघाती हल्ले करणारी माणसं ‘आपल्या’ बाजूची दाखवली. २००९च्या मार्चमध्ये या विषयांवर संयुक्त राष्ट्रांच्या मुख्यालयात चर्चाही झाली. आणि हो, शीर्षकसंगीत लक्ष देऊन ऐका. गायत्री मंत्र आहे. माझी आई स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली होती, “काय लावलंयस रे?” म्हणून.

वाद आहे तो शेवटावरून. देव, नियती, दृष्टांत हे सगळं मालिकेत पहिल्यापासून पेरलेलं आहे, पण शेवटी कोडी सोडवायला तेच पुढे येतं तेव्हा अर्धे प्रेक्षक चिडले. मीही चिडलो. माझा राग विज्ञान सोडलं म्हणून नव्हता. चार सीझन या माणसांना प्रत्येक गोष्टीची किंमत मोजायला लावली आणि शेवटी काही हिशेब परस्पर माफ केले, म्हणून होता. बायकोला शेवट आवडला. अजूनही आमचं यावर एकमत नाही.

‘फॉर ऑल मॅनकाइंड’, ॲपलच्या स्ट्रीमिंग सेवेवर २०१९पासून. कल्पना साधी: १९६९च्या जूनमध्ये, अमेरिकेच्या आधी, सोव्हिएत अंतराळवीर अलेक्सेई लिओनोव्ह चंद्रावर उतरतो. हरल्यामुळे अमेरिका थांबत नाही. खऱ्या इतिहासात १९६६च्या सुमारास नासावर अमेरिकेच्या सरकारी खर्चाचे चार टक्क्यांहून जास्त पैसे जात होते, मग ओघ आटला आणि १९७२च्या डिसेंबरनंतर पुढची पन्नास वर्षं चंद्रावर कुणी उतरलं नाही. इथे तो ओघ आटतच नाही. प्रत्येक सीझन साधारण दशकभर पुढे उडी घेतो.

पहिला सीझन सर्वांत भरीव. चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ शॅकल्टन विवरात बर्फ सापडतो आणि तिथेच तळ उभा राहतो. चांद्रयान-१ने चंद्रावरच्या पाण्याचा पुरावा दिला आणि २३ ऑगस्ट २०२३ला चांद्रयान-३ दक्षिणेकडे उतरलं, ते आपण डोळे लावून पाहिलेलं असल्यामुळे हे आपल्याला जास्तच जवळचं वाटतं. इथली यानं, नियंत्रणकक्ष, पोशाख ओळखीचे आहेत. माजी अंतराळवीर गॅरेट राइझमन सल्ल्याला आहेत.

आणि तरीही इंजिनिअर मंडळी सर्वांत जास्त चिडतात ती याच मालिकेवर. दुसऱ्या सीझनमध्ये स्पेस शटल चंद्रापर्यंत जातं. शटल पृथ्वीच्या जवळच्या कक्षेसाठी बांधलेलं; चंद्राकडे त्याचे पंख म्हणजे विनाकारण उचललेलं ओझं. तळाच्या आत लोक इतके सहज चालतात की एक षष्ठांश वजनाचा मागमूस नसतो. ‘एक्स्पान्स’ला सीरिस माफ आणि हिला शटल नाही, हा अन्याय वाटतो, पण त्याला कारण आहे. जी गोष्ट आपण खरी पाहिलीय तिच्यातली चूक जास्त टोचते. सीरिसवर कोण जाऊन आलंय?

तिसऱ्या सीझनपासून कौटुंबिक नाट्याचा भार वाढतो. एका तरुण अंतराळवीराचं प्रेमप्रकरण इतकं लांबतं की मंगळावर आहोत की रात्री आठच्या मालिकेत, असा प्रश्न पडावा. मी तिथे पुढे ढकलत पाहिलं, बायकोनेसुद्धा.

तर, चुकीचं विज्ञान दिसलं की तुमचा रस उडत असेल तर ‘एक्स्पान्स’. पण पहिल्या भागात नावं, ग्रह आणि गट एकदम अंगावर येतात. चौथ्या भागापर्यंत दम धरा, तो पाहून सोडवत नसेल तरच पुढे जा. बेल्टरांची बोली निक फार्मर या भाषातज्ज्ञाने घडवलीय, त्यामुळे सबटायटल लावून ठेवा. माणसं, सत्ता, श्रद्धा यांत रस असेल आणि ‘उडी कशी मारतात’ हे विचारायचं नसेल तर ‘गॅलॅक्टिका’, पण लघुमालिकेपासूनच. ती गाळून थेट ‘३३’ लावणारे गोंधळतात. अंतराळाशी वाकडं असलेलं कुणी सोबत बसणार असेल तर ‘फॉर ऑल मॅनकाइंड’चे पहिले दोन सीझन. लहान मुलांबरोबर तिन्हींपैकी एकही लावू नका. हिंसा, शिव्या, शय्यादृश्यं, सगळं आहे.

माझा स्वतःचा क्रम ‘एक्स्पान्स’, ‘गॅलॅक्टिका’, ‘फॉर ऑल मॅनकाइंड’ असा. बायको पहिल्या दोघींची अदलाबदल करते. मेव्हणा सध्या ‘गॅलॅक्टिका’च्या दुसऱ्या सीझनवर आहे. परवा त्याचा फोन आला. मी मनाशी वेगाची सूत्रं आठवत उचलला, तर विचारतो, “दाजी, रॉसलिन जगते ना?”