वय विचारतात, तपासत नाहीत: एक तारा

नणंदेची मुलगी अकरावीत. तिच्या फोनवर हे डेटिंग अ‍ॅप दिसलं म्हणून मीही खातं उघडून पाहिलं. दिसायला झकास, मराठीतही चालतं. पण जन्मसाल खाली सरकवलं की झालात अठराचे! पैसे भरताना मात्र ओटीपी, केवायसी, सगळं आठवतं.

तिचं खातं मी रिपोर्ट केलं, तर ठरावीक छापाचं उत्तर आलं. मग तक्रार अधिकाऱ्याला शाळेच्या दाखल्यासकट ईमेल केला. 2021 च्या आयटी नियमांनुसार पोच 24 तासांत द्यायची असते. ती आली, खातं मात्र तसंच.

‘आम्ही फक्त मध्यस्थ, लोक काय टाकतात त्याला जबाबदार नाही’ ही अशा अ‍ॅपवाल्यांची ढाल आयटी कायद्याच्या कलम 79 ची. पण ती बिनशर्त नाही; योग्य खबरदारी घ्यावी लागते. शिवाय 2023 चा डेटा संरक्षण कायदा 18 खालच्यांच्या माहितीसाठी पालकांची पडताळलेली संमती मागतो. ती जबाबदारी मोडली तर दंड 200 कोटींपर्यंत जाऊ शकतो.

एक तारा दिलाय, कारण शून्य देता येत नाही. पैसे भरून मिळणारं ‘गोल्ड’ सदस्यत्व घेऊ नका. घरात पोरंटोरं असतील तर त्यांचा फोन आधी बघा.